सदाफुली आणि रक्ताचा कर्करोग



दोन वर्षांपूर्वी याच पानावर, खाली थोडी जागा उरली म्हणून, आम्ही चार ओळी छापल्या होत्या. दारातल्या सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचे औषध निघते, एवढाच त्यांचा मजकूर. त्या ओळी खोट्या नव्हत्या. परंतु अर्ध्या होत्या, आणि अर्धी गोष्ट कोणाच्या हातात पडेल याचा विचार आम्ही केला नव्हता.

गेल्या वर्षी सुगीच्या दिवसांत शेजारच्या गावचे एक आजोबा आमच्याकडे आले. त्यांचा नातू सात वर्षांचा. महिनाभर ताप येत-जात होता, पोर पांढरे फटक पडले होते, पायांवर मुंगी चावल्यासारखे लाल ठिपके उठले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासून, मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका, असे बजावले होते. घरात रडारड झाली. तेवढ्यात कोणीतरी आमच्या पानाचे कात्रण काढून दाखवले. मग तीन आठवडे त्या मुलाला रोज सकाळी सदाफुलीचा पाला वाटून त्याचा रस पाजण्यात आला. मूल ओकत होते, तरी औषध कडूच असते म्हणून पाजत राहिले. "तुम्हीच छापलं होतं की," आजोबा म्हणाले. रागाने नव्हे. तो रस अजून किती दिवस द्यायचा, एवढेच विचारायला ते आले होते.

म्हणून ही राहिलेली अर्धी गोष्ट आज सविस्तर लिहीत आहोत.

सदाफुली आपल्यापैकी कोणाला दाखवावी लागत नाही. चर्चच्या आवारात, विहिरीच्या कठड्याशी, दफनभूमीच्या भिंतीलगत ती न लावता येते. हिंदी मुलखातले आपले वाचक तिला सदाबहार म्हणतात, बडोद्याकडे ती बारमासी आहे, हैदराबादेकडे बिळ्ळ गन्नेरू. इतकी नावे असूनही झाड मूळचे आपले नव्हे. त्याचे घर आफ्रिकेच्या पूर्वेचे मादागास्कर बेट. फुलासाठी माणसांनी ते जगभर नेले आणि उष्ण देशांत ते कोठेही रुजले. पाला कडू असल्यामुळे गुरे सहसा तोंड लावत नाहीत. ती का लावत नाहीत, हे पुढे कळेलच.

आधी रोग समजून घेऊ. आपले रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. त्या मगजाला भाताच्या तरव्याचा वाफा समजा. त्यात तीन तऱ्हेची रोपे वाढतात: लाल पेशी अंगाला प्राणवायू पोचवतात, पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, आणि बारीक चकत्यांसारख्या पेशी जखमेचे रक्त थांबवतात. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशींचे एखादे अर्धकच्चे रोप बिघडते. ते मोठे होत नाही, कामाला येत नाही, फक्त आपल्यासारखीच दुसरी काढत राहते. वाफा तणाने भरावा तसा मगज भरून जातो आणि चांगल्या रोपांना जागा उरत नाही. लाल पेशी कमी पडल्या की माणूस पांढरा पडतो व थकतो. चकत्या कमी पडल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येते आणि कातडीवर ठिपके उठतात. पांढऱ्या पेशी मोजायला पुष्कळ दिसतात, पण लढणारी त्यात कोणी नसते. म्हणून ताप हटत नाही. मुले हाडे दुखतात म्हणून चालायला कुरकुर करतात, मानेत वा काखेत गाठी लागतात.

यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे कर्करोगच झाला असे नव्हे. आपल्याकडे ताप म्हटले की हिवताप, डेंगी, विषमज्वर हेच बहुधा असतात. परंतु ताप दोन आठवडे हटत नसेल आणि त्याच्या जोडीला फिकेपणा किंवा ठिपके असतील, तर रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी आणि पेशी काचेवर पसरून पाहायला सांगावे. शंका आली तर पुढे मोठ्या दवाखान्यात कमरेच्या हाडातून मगजाचा नमुना काढतात. त्याने अपंगत्व येते अशी भीती खेड्यांत फार आहे. ती खोटी आहे. जागा दोन दिवस दुखते, इतकेच.

या रोगाचे प्रकार अनेक. मुलांत जो जास्त आढळतो तो झपाट्याने वाढणारा, पांढऱ्या पेशींतल्या लसिकापेशींचा. सदाफुलीचे औषध मुख्यतः त्याच्यावर चालते.

आता हे औषध सापडले कसे, ती हकिकत सांगण्यासारखी आहे. कॅनडात क्लार्क नोबल नावाचे एक डॉक्टर होते. मधुमेहावरचे इन्शुलिन १९२१ साली टोरांटोला सापडले, तेव्हा हे तेथे तरुण विद्यार्थी होते. बँटिंग यांच्या हाताखाली आधी कोणी काम करायचे हे त्यांनी आणि बेस्ट या दुसऱ्या विद्यार्थ्याने नाणे उडवून ठरवले आणि नोबल हरले, असे सांगतात. बेस्टचे नाव पुस्तकांत गेले. तीस वर्षांनी, १९५२ साली, या नोबल यांना जमैका बेटावरून एका रुग्णाने पाकीट पाठवले. त्यात सदाफुलीची पंचवीस पाने होती. तेथील गरीब लोक इन्शुलिन मिळत नसे तेव्हा या पानांचा चहा करून मधुमेहावर पीत असत. आपल्याकडेही कित्येक जण रोज पाने चावतात. क्लार्क नोबल यांनी ती पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. ते लंडन नावाच्याच एका कॅनेडियन गावच्या विद्यापीठात संशोधन करीत.

रॉबर्ट नोबल यांनी पानांचा अर्क उंदरांना तोंडाने पाजला. साखर तसूभर उतरली नाही. मग त्यांनी तोच अर्क टोचून पाहिला. साखर तरीही उतरली नाही, पण आठवडाभरात उंदीर मरू लागले. दुसरा कोणी असता तर त्याने उंदीर फेकून देऊन वहीत 'निरुपयोगी' असे लिहिले असते. नोबल यांनी मेलेले उंदीर फाडून पाहिले. जिकडेतिकडे जंतुसंसर्गाचा पू झाला होता. रक्त पाहिले तर पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा, आणि हाडांतला मगज ओसाड. अर्कातले काहीतरी मगजातली पैदास थांबवीत होते. मधुमेहाचे औषध शोधायला गेलेल्या माणसाला तेथे दुसरेच दार दिसले: जे द्रव्य पांढऱ्या पेशींची पैदास थांबवते, ते पांढऱ्या पेशींच्या कर्करोगात का वापरू नये?

चार्ल्स बिअर या रसायनतज्ज्ञाला सोबत घेऊन त्यांनी ते द्रव्य शुद्ध वेगळे काढले आणि १९५८ साली जाहीर केले. त्याला आज व्हिन्ब्लास्टीन म्हणतात. योगायोग असा की त्याच सुमारास अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील एलाय लिली या औषध कंपनीतही गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी याच झाडावर काम करीत होते. त्यांच्या अर्काने रक्ताचा कर्करोग झालेले उंदीर जास्त दिवस जगत होते. स्वोबोडा यांना पाल्यातून आणखी एक द्रव्य मिळाले, ते व्हिन्क्रिस्टीन. दोन्हींची घडण जवळजवळ एकच, एका टोकाला काही अणूंचा फरक. पण तेवढ्या फरकाने गुण बदलतो. व्हिन्ब्लास्टीन लसिकाग्रंथींच्या कर्करोगात जास्त उपयोगी, तर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिन्क्रिस्टीन. १९६३ साली अमेरिकेत व्हिन्क्रिस्टीनला परवानगी मिळाली आणि आज साठ वर्षे उलटून गेली तरी त्याची जागा दुसऱ्या कोणी घेतलेली नाही.

ते काम कसे करते? एका पेशीच्या दोन होताना आतला वारशाचा ऐवज दोन सारख्या वाट्यांत वेगळा व्हावा लागतो. त्यासाठी पेशी आपल्या आत बारीक दोऱ्या वळते आणि मोटेच्या नाड्याने पाणी ओढावे तसे दोन्ही वाटे दोन बाजूंना ओढून घेते. या दोऱ्या ठरावीक प्रथिनाचे मणी जोडून तयार होतात. व्हिन्क्रिस्टीन त्या मण्यांना चिकटून बसते. मग दोरी वळता येत नाही, वाटे वेगळे होत नाहीत, आणि अर्धवट फुटलेली पेशी तशीच मरते. कर्करोगाच्या पेशी सतत फुटत असतात म्हणून सर्वांत आधी त्या सापडतात. परंतु औषधाला माणूस ओळखता येत नाही. केसांच्या मुळाशी पेशी भराभर फुटतात, म्हणून केस गळतात. ते परत येतात. मज्जातंतूंतही अशाच दोऱ्यांवरून सामानाची ने-आण चालते, म्हणून हातापायांना मुंग्या येतात, जबडा दुखतो, पाऊल नीट उचलत नाही, शौचाला खडा होतो. या गोष्टी डॉक्टरांना आधीच ठाऊक असतात. आईबापांनी त्या न लपवता सांगायच्या असतात.

इथे आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. औषध पाल्यातच आहे, तर पाला का चालत नाही?

पहिली गोष्ट मापाची. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीन काढायला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो, आणि व्हिन्क्रिस्टीन पाल्यात त्याहूनही कमी असते. मुलाला एका वेळी हे औषध एक-दोन मिलिग्रॅमच टोचतात, आणि मोठ्या माणसालाही सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. मिठाच्या काही कणांएवढे. ते मुलाच्या अंगाच्या मापाने हिशेब करून ठरवतात, कारण थोडे कमी पडले तर रोग उरतो आणि थोडे जास्त झाले तर मूल जाते. मूठभर पाल्यात ते किती आहे हे कोण सांगणार? एकाच वाफ्यातली दोन झाडे सारखी नसतात. पावसाळ्यातला पाला वेगळा, उन्हाळ्यातला वेगळा.

दुसरी गोष्ट, हे औषध पोटातून नीट अंगी लागतच नाही. नोबल यांच्या उंदरांना पाजलेल्या अर्काने काही झाले नव्हते, टोचल्यावरच झाले, हे आठवावे. आजही व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून देतात. शिरेबाहेर सांडले तर मांस जळते. चुकून पाठीच्या कण्यात गेले तर मृत्यू ओढवतो. इतक्या जपणुकीची ती वस्तू आहे.

तिसरी गोष्ट, पाल्यात हे एकटे नाही. सदाफुलीत शंभरांहून अधिक क्षारद्रव्ये आहेत. काही रक्तदाब उतरवणारी, काही पोट बिघडवणारी. रस पाजला म्हणजे ज्याची गरज ते पोचत नाही आणि ज्याची गरज नाही ते सगळे पोचते. गुरांना हे कोणी शिकवावे लागले नाही.

त्या मुलाचे तेच झाले होते. तीन आठवड्यांच्या ओकाऱ्यांनी पोर सुकले होते, आणि दुसऱ्यांदा रक्त पाहिले तेव्हा बिघडलेल्या पेशी पहिल्यापेक्षा पुष्कळ वाढल्या होत्या. आम्ही आजोबांना रस त्याच दिवशी बंद करायला सांगितला. त्यांनी विचारले, मग दवाखान्यात कोणते औषध देतील? आम्ही सांगितले, इतर औषधांबरोबर हेच, सदाफुलीचेच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"इतर औषधांबरोबर" हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकट्या सदाफुलीने हा रोग बरा होत नाही, हे डॉक्टरांनाही ठेच लागूनच कळले. १९४८ साली बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी काही मुलांचा रोग प्रथमच काही काळ मागे हटवून दाखवला. त्यांनी वापरलेले औषध पाल्याचे नव्हते, फोलिक आम्ल या जीवनसत्त्वाचा मार्ग अडवणारे होते. ते ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तिचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातील भीमावरमचे. हैदराबादच्या वाचकांना हे नाव ठाऊक असेल, नसेल तर असायला हवे. पण ती मुले काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडली. व्हिन्क्रिस्टीन आणि स्टेरॉइड ही जोडी आली तेव्हा दहापैकी सुमारे नऊ मुलांचे रक्त चार-सहा आठवड्यांत स्वच्छ दिसू लागले. तेवढ्यावर थांबले की तीही मुले परत आजारी पडत. वाफा वरून स्वच्छ दिसला तरी लव्हाळ्याची गाठ खाली राहतेच, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

अमेरिकेत मेंफिस शहरी १९६२ साली संत ज्यूड यांच्या नावाने मुलांचे एक रुग्णालय निघाले. डॅनी थॉमस या कॅथलिक नटाने ते नवस फेडण्यासाठी उभारले. नाव संताचे असले तरी ते चर्चचे रुग्णालय नव्हे, सर्व धर्मांच्या मुलांना तेथे घेतात. तेथील डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी सगळी औषधे एकामागून एक, टप्प्याटप्प्याने, दोन-तीन वर्षे न थांबता देण्याची पद्धत बसवली, आणि मेंदूभोवती दडणाऱ्या पेशींसाठी निराळा उपचार जोडला. साठीचे दशक संपता संपता त्यांच्याकडची निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत दहांतील जवळजवळ नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची एम्स आणि मद्रासची कर्करोग संस्था यांनी मिळून आपल्या परिस्थितीला झेपेल अशी एक उपचारपद्धती सुरू केली. तिने जवळजवळ निम्मी मुले वाचली. त्यानंतर आकडे आणखी सुधारले आहेत. तरी श्रीमंत देशांच्या मागे आपण आहोत, आणि त्याचे एक मोठे कारण औषध नसणे हे नव्हे. मूल महिन्याभरात हसू-खेळू लागते, घरच्यांना वाटते बरे झाले, पेरणी तोंडावर येते, पैसे संपतात, आणि उपचार अर्धवट सुटतो. दुसरे कारण, उपचार चालू असताना होणारा जंतुसंसर्ग. तेव्हा मुलाला साधा ताप आला तरी तो साधा समजायचा नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

आता दुसऱ्या काही झाडांविषयी, कारण सदाफुली एकटी नाही.

हिमालयात बनककडी नावाची एक छोटी वनस्पती आहे. तिच्या मुळातील द्रव्यावर प्रक्रिया करून एटोपोसाइड हे औषध करतात. रक्ताच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत ते वापरले जाते. मुळासाठी तिची इतकी उपटाउपट झाली की तिचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने निर्बंधाखाली आणावा लागला. चीनमध्ये सेफॅलोटॅक्सस नावाच्या सदाहरित झाडापासून काढलेले एक द्रव्य तेथील डॉक्टर १९७० च्या दशकापासून वापरीत आले. २०१२ साली अमेरिकेनेही ते मोठ्या माणसांच्या रेंगाळणाऱ्या रक्तकर्करोगासाठी, इतर गोळ्या लागू पडत नाहीत तेव्हा, मान्य केले.

आणि एक आपल्या घरचे. बेळगाव-खानापूर-आंबोलीच्या रानात नरक्या नावाचे झाड आहे. फुलांना घाण वास येतो, म्हणून हे नाव. त्याच्या लाकडात कॅम्टोथेसिन असते. हे द्रव्य पहिल्यांदा सापडले ते एका चिनी झाडात, १९६६ साली, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथे. शोधणारे दोघे: मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. वाणी हे आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. उंदरांच्या रक्तकर्करोगावर ते गुणकारी ठरले म्हणूनच त्याचा माग लागला. परंतु माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत ते इतके विषारी ठरले की काम थांबवावे लागले. पुढे त्याची घडण थोडी बदलून केलेली औषधे १९९६ सालापासून अंडाशयाच्या व आतड्याच्या कर्करोगात वापरात आली. उंदराच्या रक्तात गुण आला म्हणजे माणसाच्या त्याच रोगात येतोच असे नाही, हेही यातून दिसते. दरम्यान १९७२ साली भारतातील शास्त्रज्ञांना हेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर मिळाले, आणि तेव्हापासून नरक्याच्या मागे कुऱ्हाड लागली. सह्याद्रीतून ट्रक भरून लाकूड चोरून गेले आहे. तोडणाऱ्याला किलोमागे जे मिळते ते औषधाच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि पकडला जातो तोही तोच. आपल्या गावात कोणी दलाल नरक्याची फांदी घेऊन 'असली झाडे दाखवा' म्हणत फिरू लागला, तर त्याला झाड दाखवू नये, वनखात्याला कळवावे.

मग सदाफुली शेतात लावावी का, असे काही वाचक नक्की विचारतील. लावता येते. तामिळनाडूत व इतरत्र शेतकरी लावतात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने पांढऱ्या फुलाच्या निर्मल आणि धवल या जाती काढल्या आहेत. हलकी, निचऱ्याची जमीन चालते, पाणथळ व चोपण चालत नाही. बी मोहरीहून बारीक आणि ताजे हवे. रोप करून लावल्यास हेक्टरी अर्धा किलो पुरते. दोन महिन्यांची रोपे दीड फुटाच्या सरीत फूटभर अंतरावर लावावी. सहा महिन्यांनी पाल्याची पहिली तोडणी, नऊ महिन्यांनी दुसरी, वर्षाने झाड मुळासकट काढायचे. कोरडवाहूत हेक्टरी सुमारे दोन टन वाळलेला पाला आणि पाऊण टन मूळ मिळते, पाण्याखाली त्याच्या दुपटीपर्यंत. पाला सावलीत वाळवावा. मुळातील अजमलिसिन रक्ताभिसरणाच्या औषधात जाते, म्हणून मुळालाही गिऱ्हाईक असते.

परंतु आमचे मत विचाराल तर, लेखी करार हातात असल्याशिवाय एक गुंठाही लावू नका. हे पीक बाजारात पाटी घेऊन बसून विकता येत नाही. घेणारे मोजके असतात आणि न विकलेला पाला बैलालाही घालता येत नाही. शिवाय काळ बदलतो आहे. २०१८ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी झाड हे द्रव्य आपल्या आत कोणकोणत्या पायऱ्यांनी तयार करते त्याचा माग पुरा केला, आणि २०२२ साली डेन्मार्कमधील मंडळींनी भाकरी-पावाच्या यीस्टमध्ये त्या पायऱ्या बसवून त्याचे दोन घटक तयार करून दाखवले. ते अजून प्रयोगशाळेपुरते आहे. २०१९ साली अमेरिकेसारख्या देशात व्हिन्क्रिस्टीनचा तुटवडा पडून डॉक्टर हवालदिल झाले होते, तेव्हा हा प्रयत्न चांगलाच आहे. पण पुढे-मागे पाल्याची मागणी त्यामुळे घटू शकते, हे लक्षात घेऊनच पैसा घालावा.

शेवटी ज्यांच्या घरी हा प्रसंग आला आहे त्यांच्यासाठी. गोव्याच्या लोकांनी प्रथम बांबोळीचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गाठावे, सीमाभागातल्यांना बंगलोरचे किडवाई किंवा मुंबईचे टाटा, हैदराबादला सरकारी एम.एन.जे., बडोदेकरांना अहमदाबादची कर्करोग संस्था. जाताना पहिले रक्ताचे कागद, रेशनकार्ड, आधार आणि आरोग्य योजनेचे कार्ड असेल तर तेही न्यावे. तेथे पोचल्याबरोबर समाजसेवा विभागात नाव नोंदवावे. मदतीचे मार्ग तेथेच कळतात, आणि तो विभाग कोठे आहे हे विचारायला लाजू नये. मुंबईत, हैदराबादला आणि आणखी काही शहरांत 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था उपचार चालू असलेल्या मुलांना आईबापांसह राहायला विनामूल्य जागा देते. जागा मर्यादित असतात, म्हणून रुग्णालयातून लवकर सांगून ठेवावे. घरून कोणता पाला, काढा, भस्म दिले असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. रागावतील म्हणून पुष्कळ जण लपवतात. आजोबांनीही आधी लपवले होते.

तो मुलगा आता गोळ्यांच्या टप्प्यात आहे. दर महिन्याला एकदा जाऊन सुई घेऊन येतो. अजून वर्षभर तरी उपचार चालायचा आहे आणि पुढचे आज कोणी खात्रीने सांगू शकत नाही. केस परत आले आहेत, पहिल्यापेक्षा कुरळे. आजोबांनी परवा विचारले, दारातली सदाफुली उपटून टाकू का? आम्ही म्हटले, राहू दे, शेळीचे दावे मात्र आखूड ठेवा.